'रुरोनी केन्शिन': प्रायश्चित्त व्यक्तीचे, ऋण राज्यसंस्थेचे

युद्धकलेवर आधारित जपानी ॲनिमे मालिकांचा विचार बहुधा दोन टोकांवर अडतो. एक पक्ष त्यांना निव्वळ रंजन समजून बाजूला सारतो; दुसरा कोणत्या वर्गाची वा लिंगाची किती पात्रे आली याची मोजदाद करून त्यांना पुरोगामी किंवा प्रतिगामी ठरवितो. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. सामाजिक-राजकीय चित्रणाचे मूल्यमापन करताना कोण दिसते याहून, कथानक कोणता प्रश्न उभा करते आणि तो कोठे नेऊन मिटविते, हे अधिक महत्त्वाचे असते. नोबुहिरो वात्सुकी यांच्या चित्रकथेवरून १९९६ ते १९९८ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर सादर झालेली 'रुरोनी केन्शिन' ही मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

मालिकेचा काळ १८७८ चा आहे. शोगुनशाही लयास जाऊन मेइजी राजवटीस दहा वर्षे झाली आहेत. १८७६ च्या फर्मानाने सामुराईंचा तलवार लावून हिंडण्याचा अधिकारही गेला आहे. अशा वेळी क्रांतिपक्षाचा माजी मारेकरी केन्शिन, पुन्हा कोणाचा प्राण न घेण्याचे व्रत पाळीत, उलट्या धारेची तलवार घेऊन भटकतो. या तलवारीची धार धारकाकडेच वळलेली असते. मालिकेची राजकीय दृष्टी या प्रतिमेत सामावली आहे: राज्यस्थापनेच्या हिंसेचा जाब ती व्यक्तीच्या अंतःकरणाला विचारते.

या दृष्टीचे सामर्थ्य नाकारता येत नाही. केन्शिनचा सहकारी सानोसुके हा सेकिहोताई या तुकडीतून वाचलेला आहे. शेतकऱ्यांना निम्म्या करमाफीचे आश्वासन देत निघालेल्या या तुकडीला १८६८ मध्ये नव्या सत्तेनेच 'बनावट सैन्य' ठरविले आणि तिचा नायक सागारा सोझो याला देहान्त शासन दिले. हा ऐतिहासिक विश्वासघात लोकप्रिय मालिकेने तरुण प्रेक्षकांपुढे ठेवावा, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु सानोसुके सूडाकडे वळतो तेव्हा केन्शिन त्याला परावृत्त करतो, आणि सूडाबरोबर कराचा प्रश्नही मिटतो. ज्यांना वचन दिले गेले ते शेतकरी पार्श्वभूमीवरच राहतात.

ओकुबो तोशिमिची यांच्या हत्येचे चित्रण याहून सूचक आहे. १४ मे १८७८ रोजी त्यांना ठार मारणाऱ्या सामुराईंनी लेखी आरोपपत्र सिद्ध केले होते. लोकमताची गळचेपी हा त्यातील एक आरोप होता. मालिका या हत्येचे कर्तृत्व शिशिओ या काल्पनिक खलनायकाच्या हस्तकाकडे देते. शिशिओलाही शासनाने वापरून जाळले आहे, म्हणजे शासनाचा अपराध येथेही मान्य आहे. पण 'बळी तो कान पिळी' हेच त्याचे तत्त्वज्ञान असल्याने शासनाचे रक्षण हाच एकमेव नैतिक पर्याय उरतो. विरोध राहतो, त्यातील मागणी मात्र गळून पडते.

द्वंद्वयुद्ध हा या प्रकाराचा प्राण असल्याने सामूहिक प्रश्न दोन व्यक्तींच्या संघर्षात उतरणारच, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. तथापि प्रकाराच्या मर्यादा कलाकृतीचे स्पष्टीकरण देतात, समर्थन नव्हे. ऐतिहासिक कादंबरीच्या मराठी अभ्यासकालाही हा पेच नवा वाटू नये: नायकाचे शील उजळताना काळाचे कोणते ऋण अनुत्तरित राहिले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. 'रुरोनी केन्शिन' ते ऋण प्रामाणिकपणे नोंदविते. फेडण्याची जबाबदारी मात्र चुकीच्या खात्यावर टाकते.