तापीच्या टोकाचं राज्य



गेल्या महिन्यात मी चौथीच्या वर्गात फळ्यावर विषय लिहिला, 'माझ्या कल्पनेतलं राज्य'. कुणी ढगांवर राज्य वसवलं, कुणी चंद्रावर. एका मुलीनं लिहिलं, 'माझं राज्य समुद्राकाठच्या चिखलात आहे. तिथे झाडं पाण्यात उभी राहतात.' मी वाचलं आणि चटकन बोलून गेले, "अगं, आपण धुळ्याची माणसं. समुद्र पाहिलायस का कधी? पाहिलेल्या गोष्टीवर लिही."

ती हळूच म्हणाली, "बाई, मी समुद्र देखेल नही." आणि तिनं ते पान फाडून दप्तरात कोंबलं.

घरी गेल्यावर मला चैन पडेना. ढगांवर तरी कोण राहून आलं होतं? त्यांना मी अडवलं नाही, मग हिलाच का? दुसऱ्या दिवशी मी तिला भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं. म्हटलं, "आपल्या पांझरेवरून बोट फिरव." बोट पांझरेवरून तापीवर आलं, उकाई धरण ओलांडून सुरतेला पोचलं आणि तिथून समुद्रात. ती ओरडलीच, "म्हणजे आपलं पाणी माझ्याच राज्यात जातं!"

मग सगळा वर्ग तिचं राज्य बांधायला बसला. तुम्हीही बसा.

पहिली गोष्ट घड्याळाची. खाडीचं पाणी चंद्राच्या घड्याळावर चालतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज दुपारी बाराला भरती असेल, तर आठवड्यानं त्याच वेळी ओहोटी असेल! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती येते, ती उधाणाची. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. तापी जिथे समुद्राला मिळते, त्या खंभातच्या आखातात काही ठिकाणी भरती-ओहोटीच्या पाण्यात १० मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे तीन मजली घर दिवसातून दोनदा बुडायचं आणि दोनदा उघडं पडायचं! हा नियम सगळ्यांना लागू. ओहोटी लागली की राजाची होडीसुद्धा चिखलात रुतणारच. राजासाठी नियम मोडलात, तर गोष्ट खोटी वाटेल.

दुसरी गोष्ट जमिनीची. तिला पायऱ्या असतात. सगळ्यात खाली उघडा चिखल. त्याच्या वर कांदळवन. त्याहून वर खारट माळ, तिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं. नकाशा काढताना या पायऱ्या आधी आखा. घरं कुठे आणि वाटा कुठे, ते मग आपोआप सुचतं.

तिसरी गोष्ट रहिवाशांची. इथे जादू शोधायला लांब जावं लागत नाही. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी जमिनीतून वर येतात आणि श्वास घेतात. नको असलेलं मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि मग खाली पडतं. निवटी नावाचा मासा ओहोटीला चिखलावर उड्या मारत फिरतो. पांढरी चिप्पी नावाच्या झाडाला तर महाराष्ट्रानं २०२० साली राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

चौथी गोष्ट माणसांची. खाऱ्या पाण्यात भात कसा पिकेल? गोव्यात खाजन शेती आहे. तिथे लोकांनी बांध घालून समुद्राला बाहेर ठेवलं आणि बांधात लाकडी दारं बसवली. त्या दाराला मानस म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं! बांध फुटला तर मात्र शेतात खारं पाणी शिरतं आणि पीक जातं. पावसानं मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन नीट पिकत नाही.

हे ऐकलं आणि ती मुलगी लिहायलाच बसली. तिच्या राज्यात दाराची राखण एका लहान मुलीकडे आहे. एका रात्री दारात ओंडका अडकतो आणि दार मिटत नाही. सहा तासांत उधाण चढणार. पौर्णिमा असती तर चांदणं तरी मिळालं असतं, पण रात्र अमावास्येची आहे. गोष्टीत राक्षस नाही आणि तलवारही नाही. समुद्र दुष्ट नाही, तो फक्त वेळेवर येतो. तरीही मी वाचून दाखवत होते तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. आणि तो ओंडका आला कुठून? पांझरेच्या पुरातून वाहत!

मी तिला सर्वांसमोर सांगितलं, "त्या दिवशी माझं चुकलं." आईबाबांनाही सांगते, मुलानं न पाहिलेलं काही लिहिलं तर 'पाहिलंस का?' असं विचारू नका. 'तिथे पाणी कधी येतं?' असं विचारा. मूल स्वतःच शोधायला लागेल.

आता तुमची पाळी. एक पान घ्या आणि तिन्ही पायऱ्या आखा. तुमच्या राज्यात भरती किती वाजता येते ते लिहा. मग एक माणूस ओहोटीला चिखलात उतरवा. तो वेळेत परत येतो का, ते पाहू या!

तुमच्या बाई