एका दिवसाचें पॅरिस

मुलगा किंवा मुलगी लंडनमध्यें नोकरीस, आणि उन्हाळ्याचे दोन महिने आईवडिलांनीं तिकडे काढावयाचे, असा क्रम आमच्या वाचकांपैकीं कित्येक घरांत आतां रूढ झाला आहे. तेथें पोहोंचून आठवडा लोटतो न लोटतो तोंच कोणी तरी म्हणतो, "पॅरिस येथून सव्वादोन-अडीच तासांवर आहे, सकाळीं जाऊं, रात्रीं घरीं येऊं." हें अगदीं खरें आहे. समुद्राखालचा बोगदा १९९४ सालीं खुला झाला, आणि आतां लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकांतून निघालेली गाडी थेट पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकांत जाऊन थांबते. बोगदा ५० किलोमीटरांहून थोडा अधिक लांब, त्यांतले ३८ समुद्राच्या तळाखालीं. खिडकींतून कांहींच दिसत नाहीं, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें! परंतु ज्या बेताची सिद्धता पुण्यांतच व्हावयास हवी तो लंडनच्या दिवाणखान्यांत शिजतो, आणि घोटाळा होतो तो येथें.

ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्यें चालत नाहीं. भारतीय पासपोर्टावर प्रवास करणारास फ्रान्ससाठीं शेंगेन व्हिसा निराळा काढावा लागतो, मग तेथें राहावयाचें एक दिवस असो वा ९० दिवस. त्याचा अर्ज सामान्यतः ज्या देशांत आपलें वास्तव्य आहे तेथूनच करावयाचा असतो. प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत आणि निदान १५ दिवस आधीं. सोबत ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. म्हणून हें काम विमानांत बसण्यापूर्वींचें आहे. ब्रिटनच्या व्हिशावर अनेकवार प्रवेशाची मुभा आहे कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं पाहावें. नाहीं तर सकाळीं बाहेर पडलेल्या माणसास सायंकाळीं परत कसें घेणार? ज्या मुलानें ब्रिटिश नागरिकत्व घेतलें आहे त्यास यांतलें कांहींच लागत नाहीं, आणि म्हणूनच तें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. त्यांत त्याचा अनादर नसतो, पण तिकिटांचे पैसे बुडतात, आणि "मला कुठें एवढें जायचें होतें?" असें म्हणून आईस त्याचीच समजूत घालावी लागते. हा प्रसंग टाळण्याजोगा आहे.

आतां दिवसाचा हिशेब. समजा, सातच्या सुमाराची गाडी घेतली. फाटक गाडीच्या अर्धा तास आधीं बंद होतें, आणि ब्रिटिश व फ्रेंच असे दोन्ही अंमलदार लंडनलाच पासपोर्ट पाहतात. शिवाय २०२५ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेल्या नियमानें परदेशीयांची यंत्रावर नोंद होऊं लागली आहे. तेव्हां साडेपांचला स्थानकांत असावें, म्हणजे घरांतून निघणें पहांटेचें. पॅरिसचें घड्याळ एक तास पुढें. उतरेपर्यंत तेथें साडेदहा वाजतात. परतीची गाडी सायंकाळीं सातची धरली तर साडेपांचला पुन्हां स्थानकावर. हातीं राहिले सात तास. त्यांतून जेवण, विश्रांति आणि जिने वजा करा.

या सात तासांत मुलाच्या यादींत आयफेल मनोरा, लूव्र, नदींतली नौका आणि आणखी चार ठिकाणें असतात. आमचें स्पष्ट मत असें कीं, लूव्र सोडून द्यावें. तें एवढें विस्तीर्ण आहे कीं गुडघे दुखणाऱ्या माणसास त्यांतून गर्दी तेवढी आठवते. त्याऐवजीं ओर्सेचें संग्रहालय पाहावें. ही इमारत मूळची रेल्वेस्थानक! १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठीं तें बांधलें. पुढें गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले, आणि १९३९ पर्यंत लांब पल्ल्याची वाहतूक तेथून उठली. १९८६ पासून तेथें चित्रें आहेत. मोने, रन्वार, व्हॅन गॉग यांचीं नांवें सर्वांस ठाऊक असतात. पण आमच्या वाचकभगिनींनीं मिलेचें १८५७ चें एक चित्र शोधून पाहावें. कापणी झालेल्या शेतांत तीन बायका वांकून सरवा वेंचीत आहेत. ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें त्यांस तें चित्र कोणी समजावून सांगावयास नको. सोमवारीं हें संग्रहालय बंद असतें, लूव्र मंगळवारीं.

स्थानकांतून भुयारी गाडीचा 'बी' मार्ग धरला तर सें-मिशेल दुसरेंच थांबें. तेथून नोत्र-दाम जवळच. २०१९ च्या एप्रिलांत आगींत सांपडलेलें हें मंदिर २०२४ च्या डिसेंबरांत पुन्हां उघडलें. प्रवेशास पैसे पडत नाहींत. नंतर नदीकांठानें रमतगमत ओर्से. एवढें पुरे. आयफेल मनोरा दुरून दिसला तरी चालेल कीं जवळ जावयाचेंच, हें मात्र ज्यांच्यासाठीं सहल आहे त्यांस विचारावें; उत्तर ऐकून मुलें कित्येकदां चकित होतात.

शिधोरी म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा न्यावा. दूधदह्याचे पदार्थ ब्रिटनमधून तिकडे नेण्यास मनाई आहे. पोटभर शाकाहारी जेवण हवें असल्यास परततांना गार द्यु नॉरच्या उत्तरेस चालत गेलें कीं तमिळ लोकांची वस्ती लागते. तेथें डोसा, सांबार, भात मिळतो. तेथून स्थानक दहा मिनिटांवर. ब्रिटनचा अंमलदार पुन्हां पासपोर्ट पाहतो तो तेथेंच, गाडींत बसण्यापूर्वीं. म्हणून तो पिशवीच्या तळाशीं डब्याखालीं ठेवूं नये.