घरंगळणारे शहाणपण

भोर-वेल्ह्याच्या कोंबड्यांना सध्या एक नवे हितचिंतक लाभले आहेत. त्यांचे नाव घेत नाही. तालुक्यात त्यांच्यासारखे आणखी चौघे आहेत आणि प्रत्येकाला हा लेख आपल्यावरच आहे असे वाटावे, अशी माझी इच्छा आहे. गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्याकडच्या बायका फुटक्या टोपलीत, जुन्या पाटीत नाहीतर खुराड्याच्या कोपऱ्यात पेंढा टाकतात आणि कोंबडीला तिथे अंडी घालू देतात. म्हणून अंडी मळतात, म्हणून फुटतात, म्हणून पुण्याचा व्यापारी नाक मुरडतो. पेंढा म्हणजे घाण, टोपली म्हणजे मागासलेपण. उपाय एकच, उताराच्या तळाची तयार पेटी, प्लास्टिकची किंवा जाळीची. कोंबडी आत जाते, अंडे घालते आणि अंडे तिच्या पोटाखालून घरंगळत पुढच्या पन्हळीत येते. ना तिचा पाय लागत, ना विष्ठा. आपण फक्त वेचायचे.

ज्या चित्रफिती पाहून हे शहाणपण आले, त्यांत पाऊस पडत नसावा. कोंबडीही त्यांत एकाच रंगाची, एकाच वयाची आणि एकाच मताची असते.

आधी या पेटीचे कूळ पाहू. तळ उताराचा ठेवून अंडे बाहेर घरंगळू देण्याची युक्ती आपल्याकडे लोकांनी पाहिली ती पिंजरा पद्धतीत. हायवेने जाताना लेअरच्या लांबलचक शेड दिसतात, तिथे. पिंजऱ्यात कोंबडीला विचारायचे नसते. ती उभी आहे तिथेच तिला अंडे घालावे लागते, मग तळ जाळीचा असो की खिळ्यांचा. पेटीचे तसे नाही. पेटीत तिने आपण होऊन जायचे असते, आणि ती नाही म्हणू शकते. हा एवढा फरक गृहस्थांच्या हिशेबात कुठेच नाही.

अंडे घालायच्या आधी कोंबडी काय करते, हे खोऱ्यातली कोणतीही बाई सांगेल. तासभर ती अस्वस्थ हिंडते, चार जागा डोकावून पाहते, एखादीत शिरून पुन्हा बाहेर येते. शेवटी जिथे अंधार, आडोसा आणि पायाखाली काही मऊ असेल तिथे बसते. बसली की उकरते, छातीने दाबत गोल फिरते, चोचीने काड्या अंगाजवळ ओढून खळगा करते. पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हेच पाहिले आहे: उघड्या जाळीपेक्षा आकार देता येईल असा तळ कोंबडीला जास्त पसंत पडतो. जाळीवर तिने काय उकरायचे?

बरे, एखादी बसलीही. पण आपल्या खोऱ्यातली कोंबडी कोण? व्हाइट लेगहॉर्न आणि तिच्यापासून काढलेले संकर यांच्यातून खुडूक बसण्याची ओढ माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून जवळजवळ पुसून टाकली आहे. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि घातलेल्या अंड्याकडे वळूनही पाहत नाही. तिच्यासाठी घरंगळणारी पेटी ठीक. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंड्यांची एक पाळी घालते आणि मग खुडूक होते. तिच्या लेखी अंडे हा माल नसतो, ती पिल्लांची तयारी करत असते. उठताना खाली अंडे दिसले तर उद्या ती त्याच जागी येते. म्हणून तर शहाण्या बाया सगळी अंडी उचलत नाहीत, एक मागे ठेवतात; काही जणी अंड्याच्या आकाराची गारगोटी ठेवतात. आता तिला उताराच्या पेटीत बसवा. ती अंडे घालते, वळून पाहते, खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती गवताच्या गंजीत, गव्हाणीखाली, नाहीतर कुंपणाच्या कारवीत सापडते. सापडली तर. नाहीतर मुंगसाला आणि घोरपडीला सापडते. त्यांना अंडी स्वच्छ आहेत की मळलेली, याची फिकीर नसते.

यावर गृहस्थांचे उत्तर मला पाठ आहे, कारण ते त्यांच्या आधीच्या लोकांनीही दिले होते: मग गावठी कोंबडी पाळताच कशाला? हा वाद फार जुना आहे आणि दर पाच-दहा वर्षांनी नवे कपडे घालून येतो. कधी तो भाताच्या वाणांवर आला, कधी डांगी बैलांवर, कधी घराच्या कुडावर. दरवेळी सांगणाऱ्याच्या हातात तीनशे हा आकडा असतो आणि दुसरा आकडा त्याला ऐकायचा नसतो. गावठी कोंबडी पन्नास-साठ अंडी देते हे खरे. पण ती खाद्याच्या पोत्यावर जगत नाही. खळ्यावरचा दाणा, उकिरड्यावरचे किडे आणि घरातले उष्टे यांवर तिचे निभते. तिचे अंडे लेअरच्या अंड्याहून चढ्या भावाने जाते आणि जत्रेच्या वेळी कोंबडा कोणत्या भावाने जातो, ते नसरापूरच्या बाजारात उभे राहून पाहावे. शिवाय खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातल्या किंवा आणखी कुठल्या सुधारित जाती आल्या तरी गावठीची गरज संपत नाही. गिरिराजा, वनराजा सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायची तर खाली कोण बसणार? वीज चार-चार दिवस गायब असते अशा पावसात, इन्क्युबेटर? एकवीस दिवस न उठणारे यंत्र या डोंगरात एकच आहे आणि त्याला बसायला खळगा लागतो, उतार नाही.

आता ‘पेंढा म्हणजे घाण’ या महावाक्याकडे वळू.

अंडे बाहेर येते तेव्हा कोंबडीच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअस, गरम आणि ओलसर असते. वरचा तो ओला थर मिनिट-दोन मिनिटांत वाळतो आणि कवचावरची हजारो सूक्ष्म छिद्रे बुजवतो. मग अंडे निवू लागते, आतला ऐवज आक्रसतो, जाड टोकाशी हवेची पोकळी तयार होते. या वेळी कवचाला ओली घाण लागलेली असली तर छिद्रांतून जंतू आत ओढले जातात. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत अंडे कशावर पडते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. कोरड्या पेंढ्यावर, कोरड्या तुसावर पडले तर काही बिघडत नाही. घातक आहे ती ओल. ही ओल पेंढ्यातून उगवत नाही. ती बाहेरून येते, कोंबडीच्या पायांनी.

केळद-पासलीकडे, मढे घाटाच्या अंगाला, जून ते सप्टेंबर अंगण म्हणजे चिखलच. वरंधा घाटाच्या माथ्याकडच्या हिर्डस मावळातही वेगळे नाही. कोंबडी त्या चिखलातून येते आणि थेट पेटीत चढते. पेटी टोपलीची असो, प्लास्टिकची असो की चांदीची, तिच्या पायाचा चिखल अंड्याला लागणारच. उताराच्या पेटीत तो पन्हळीपर्यंतच्या जाळीला लागतो आणि पुढचे प्रत्येक अंडे त्यावरून घरंगळते. यावर इलाज पेटीत नसून दारापासून पेटीपर्यंतच्या चार-पाच हातांत आहे. तिथे तूस, वाळू किंवा बारीक खडी असावी आणि पेटी दारापासून सर्वांत लांबच्या भिंतीला असावी, म्हणजे चालता चालता पाय पुसले जातात. हे सांगायला चित्रफीत लागत नाही आणि याची विक्रीही करता येत नाही, त्यामुळे कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. कोंबडी रात्रभर विष्ठा टाकते, आणि ती जिथे झोपते तिथे सकाळी ती साचलेली असते. कोंबडीला शक्य तेवढ्या उंच जागी झोपायचे असते. बसायच्या दांड्या पेटीपेक्षा खाली असतील किंवा दांड्याच नसतील, तर ती पेटीत नाहीतर पेटीच्या छपरावर झोपते. आपल्या बहुतेक खुराड्यांत दांडी नसते, असली तर वीतभर उंच असते. मळलेल्या अंड्यांपैकी मोठा वाटा इथे तयार होतो, अंडे घालायच्या कितीतरी तास आधी. गृहस्थांच्या पेटीचे छप्पर सपाट आहे, म्हणजे झोपायला मंचही त्यांनीच पुरवला.

फुटण्याबद्दल दोन वाक्ये पुरतील, कारण त्यांनीही दोनच वापरली. कवच बहुतांशी चुनखडीचे असते आणि ते घडायला सुमारे वीस तास लागतात. खाद्यात शिंपल्याचा चुरा नसेल, कोंबडी म्हातारी झाली असेल किंवा मे महिन्यात उन्हाने धापा टाकत असेल, तर कवच पातळ येणार, मग खाली गादी घाला की मखमल. आणि वेल्ह्याहून नसरापूरला एसटीच्या मागच्या सीटखाली पिशवीतून गेलेली अंडी फुटली, तर तो दोष पेटीच्या माथी मारू नये. जुन्या बाया डब्यात तूस किंवा नाचणी घालून त्यात अंडी रोवत, ते नव्या ‘पॅकेजिंग’पेक्षा सरस होते.

धुण्याचा मुद्दा गृहस्थांनी काढला नव्हता, पण त्यांच्या गटातल्या एकाने एका बैठकीत काढला, म्हणून येथेच उरकतो. मळलेले अंडे हंड्यातल्या गार पाण्यात बुडवून चोळणे हा सर्वांत वाईट उपाय. गार पाण्याने आतला ऐवज आणखी आक्रसतो आणि घाण आत ओढली जाते, शिवाय वरचे नैसर्गिक आवरण जाते. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतात, पण ती अंड्यापेक्षा गरम पाण्याने धुऊन लगेच थंड साखळीत ठेवतात. युरोपात बहुतेक ठिकाणी पहिल्या दर्जाची अंडी धुवायची परवानगीच नाही. आपण दोघांतले अर्धे-अर्धे घेतो, धुतो गार पाण्याने आणि ठेवतो फळीवर. थोडे मळलेले कोरड्या फडक्याने पुसावे. फार मळलेले घरी त्याच दिवशी करून खावे. बाजारात पाठवू नये, आणि उबवायला तर मुळीच ठेवू नये.

गृहस्थांना जे द्यायला हवे ते देतो. प्लास्टिक धुता येते, लाकडाच्या फटींत रात्री कोंबडीचे रक्त पिणारे बारीक किडे दडतात, प्लास्टिकमध्ये कमी. दोनशे संकरित लेअर गादी पद्धतीत पाळणाऱ्याने, ज्याला दर दोन तासांनी आत शिरायला माणूस नाही, त्याने उताराची पेटी घ्यावी. भाटघरच्या पाण्याकाठी असे कुणी असेल तर त्याच्याशी माझे भांडण नाही. पण पंचवीस कोंबड्यांच्या बाईला त्याच पेटीसाठी कर्ज काढायला लावणारा माणूस तिचा हितचिंतक असेल असे मला वाटत नाही.

मग पेटी कशी घ्यावी? सांगण्यासारखे फार नाही. एक फूट लांब, एक फूट रुंद, फूट-सव्वाफूट उंच. जुन्या फळ्यांची चालेल, मेसाच्या बांबूचीही चालेल. जमिनीपासून दीड ते दोन फूट वर, बसायच्या दांड्यांपेक्षा खाली. पुढे चार-पाच बोटे उंच फळी, म्हणजे तूस सांडत नाही आणि अंडे बाहेर पडत नाही. तोंडावर गोणपाटाचा अर्धा पडदा, अंधारासाठी. छप्पर तिरके, इतके की वर बसलेली कोंबडी घसरेल. आत चार बोटे भाताचे कोरडे तूस, त्यावर मूठभर कापलेला पेंढा. पावसाळ्यासाठी तुसाची दोन पोती माळ्यावर आधीच ठेवावीत, कारण आषाढात कोरडे तूस मागून मिळत नाही. मळलेले तेवढे रोज काढावे, महिन्याने सगळे बदलावे, फटींत राख आणि निरगुडीचा पाला. दर पाच कोंबड्यांमागे एक पेटी. सरकारी योजनेतला तलंग गट २५ माद्या आणि ३ नरांचा असतो, त्याला पाच पेट्या. पेट्या कमी पडल्या की दोघी-तिघी एकीत घुसतात आणि अंड्यावर अंडे आपटून तडा जातो. खुडूक बसलेलीला उचलून वेगळ्या डालग्यात ठेवावे, तिची उबवायची अंडी तिथे, विकायची अंडी इथे. बहुतेक अंडी सकाळी येतात, म्हणून एकदा दहाच्या सुमारास आणि एकदा दुपारी वेचावीत. संध्याकाळी पेटीच्या तोंडाला फळी लावावी, पहाटे काढावी.

आणि तलंगा पहिले अंडे घालायच्या तीन आठवडे आधी पेट्या जागेवर असाव्यात, गारगोटीसह. एकदा का तिने गव्हाणीखालची जागा धरली, की तिला पेटीची सवय लावणे फार जड जाते. गृहस्थ मात्र अंडी मळू लागल्याची तक्रार आल्यावरच पत्रक घेऊन येतात.