करड्याची सक्ती

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ यांची कोष्टके आधी पाठ करवून घेण्याच्या शिरस्त्याला आमचा आक्षेप आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सारे मुळात मध्यम करडे गृहीत धरतो. त्यामुळे काळे घोंगडे फिकटते, पांढरे धोतर मळकट दिसते. (समीक्षेतही असे मापक आहेतच.) काळे किती काळे ठेवायचे, हा निर्णय छायाचित्रकाराचा, आकडे त्यानंतरचे.

१९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांना प्रकाशमापक सापडेना. मावळतीचा उजेड दफनभूमीतल्या क्रुसांवरून सरकत होता. चंद्राच्या दीप्तीचा आकडा त्यांना ठाऊक होता. पण चित्रात चंद्र किती उजळ हवा, हे कोणता आकडा सांगणार? ते त्यांनी ठरवले, आणि एफ/३२ वर एक सेकंद शटर उघडले. दुसरे छायाचित्र घेईपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेला होता.