पेजेच्या पाण्यावर पहिला हक्क

आंद्रा नदीचे जे पाणी निसर्गक्रमाने इंद्रायणीस व पुढे भीमेस मिळून पूर्वसमुद्राकडे जावयाचे, ते ठोकरवाडीच्या धरणाने अडवून १९२२ पासून घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरविले जाते, आणि मुंबईस वीज देऊन झाल्यावर पेज नदीत सोडले जाते. म्हणूनच कोकणातील बहुतेक नद्या शिमगा सरताच आटत असता कर्जत तालुक्यातील ही लहानशी नदी वैशाखातही वाहती राहते, आणि राजनाल्याच्या कालव्याखाली उन्हाळी भाताची खाचरे हिरवी दिसतात.

पूर्वेस कोथळीगड व भीमाशंकरचा कडा, पश्चिमेस माथेरानचा डोंगर, आणि मध्ये आगरी, कुणबी, मराठा, ठाकूर व कातकरी यांची वस्ती, असा हा मुलूख. १९४२ च्या चले जाव चळवळीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी पथकाने मुंबईस जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले ते याच परिसरात, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात त्या दोघांना वीरमरण आले.

परंतु ज्या डोंगरउतारावर कातकरी व ठाकूर नाचणी-वरीच्या दळ्या कसतात, तेथवर पेजेचे पाणी चढत नाही. चैत्र लागला की तेथील बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणून, झिरपेल तसे पाणी वाटीने भरीत, एका हंड्यासाठी तासन्‌तास बसून राहतात. आणि त्याच सुमारास खाली शहरवासीयांच्या बंगल्यांतील पोहण्याचे हौद काठोकाठ भरलेले असतात.

हे बंगले ज्या जमिनींवर उभे राहिले, त्या विकण्याचा खातेदाराचा अधिकार मला मान्य आहे. मुलांचे शिक्षण, आजारपण, लग्नकार्य यांपायी जमीन विकणाऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र सातबाऱ्यावरील नाव बदलले म्हणजे खोऱ्याचे सामायिक पाणीही खरेदीखतात आले, असे समजण्याची मुभा कोणासही नसावी. म्हणून बिनशेतीची परवानगी देण्यापूर्वी नव्या वसाहतीचे पाणी कोठून येणार व त्यायोगे कोणत्या पाड्याचे पाणी तुटणार, याची चौकशी ग्रामसभेसमक्ष होऊन ती दप्तरी दाखल व्हावी. कालव्याची दुरुस्ती वेळेवर व्हावी. आणि पेजेचे पाणी उपसून प्रथम पाड्यांवर पोहोचवावे. दूरच्या महानगरासाठी अख्खी नदी सह्याद्रीपलीकडून वळविणे ज्या देशास शंभर वर्षांपूर्वी साधले, त्यास तीच नदी समोरच्या टेकडीवर चढविणे अशक्य आहे, हे कोणत्याही सरकारने सांगू नये.