जोडणी कोणाच्या हाती?

वसतिगृहातल्या नळाचा वायसर झिजला तर तो बदलणे हे आमच्या काळी मुलांचेच काम होते. प्रत्येक वेळी कारागीर बोलावणे संस्थेला परवडत नसे, हे त्यामागचे साधे कारण. परंतु त्या गरजेपोटी लागलेल्या सवयीचे मोल आम्हां दोघां भावांना पुढे फार उशिरा, आणि तेही लाजिरवाण्या रीतीने कळले. स्मरणिकेसाठी लेख मागविला गेला तेव्हा आठवणी लिहाव्यात अशीच अपेक्षा असणार. तरीही आम्ही एक अगदी घरगुती प्रश्न मांडू इच्छितो. घरच्या संगणकाला ब्रॉडबँडची जोडणी कोणी करावी? आमचे मत असे, की ती ज्या घरात येते त्या घराने करावी, आणि घरातही जी व्यक्ती तिचा रोज उपयोग करणार तिने.

केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणात प्रतिसेकंद किमान २५६ किलोबिट वेग आणि अखंड उपलब्धता अशी ब्रॉडबँडची व्याख्या केली गेली. त्यानंतरच्या सहा वर्षांत तालुक्याच्या गावांतही टेलिफोनच्या तारेवरून ही सोय पोहोचली. यात गूढ असे काही नाही. मनुष्याचे बोलणे त्या तांब्याच्या तारेतून साधारण ४ किलोहर्ट्झच्या आतच वाहते. संगणकाची माहिती त्याच्या पुष्कळ वर, सुमारे २५ किलोहर्ट्झपासून पुढे वाहते. स्प्लिटर नावाची छोटी डबी या दोहोंना वेगळे करते. तिला तीन तोंडे असतात : एकात बाहेरून आलेली तार, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात मोडेम. आतल्या खोलीत दुसरा फोन या डबीच्या आधीच जोडलेला असेल, तर तो वाजताच इंटरनेट तुटू शकते. आमच्या घरी असे कित्येक महिने होत होते आणि आम्ही दोष पावसाला देत होतो.

मात्र खरी मेख तारेत नसून परवलीच्या शब्दात आहे. ग्राहकाला मिळालेले नाव आणि पासवर्ड दोन ठिकाणी ठेवता येतात. एक संगणकात : तेव्हा मोडेम निव्वळ पुलाचे काम करतो, आणि पडद्यावरच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारून प्रत्येक वेळी जोडणी सुरू करावी लागते. दुसरे खुद्द मोडेममध्ये : मग मोडेम स्वतःच जोडला जातो आणि त्याला लावलेला कोणताही संगणक चालतो. आमच्या घरी आलेल्या तंत्रज्ञाने पहिली पद्धत निवडली, पासवर्ड स्वतः टंकला आणि दहा मिनिटांत तो निघून गेला. आम्ही दोघे शेजारी उभे होतो. आम्ही त्याला चहा दिला. प्रश्न एकही विचारला नाही.

पुढे आम्ही नोकरीनिमित्त एक पुण्यास, एक ठाण्यास गेलो. घरी आईवडील आणि धाकटी बहीण. संगणकात व्हायरस शिरला म्हणून तिने तो दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणला, आणि ते चिन्ह नाहीसे झाले. पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. अर्जाची प्रत सापडेना. नवा पासवर्ड हवा तर जोडणी वडिलांच्या नावे, म्हणून कार्यालयात वडिलांचीच सही हवी. इकडे तिच्या परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरण्याचे दोनच दिवस उरलेले. सायबर कॅफेत रांग, त्यात भारनियमन. अर्ज अखेर विलंबशुल्कासह गेला. ते पैसे आम्ही पाठविले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. तिने मात्र तसे मानले नाही.

दिवाळीत आम्ही मोडेमपुढे बसू लागताच ती म्हणाली, "दादा, तुम्ही हात लावू नका. नुसते सांगा." मग तिनेच ब्राउझर उघडून १९२.१६८.१.१ हा मोडेमचा पत्ता टंकला, कंपनीने दिलेले दोन आकडे भरले, पीपीपीओई हा पर्याय निवडून नवे नाव व पासवर्ड मोडेममध्येच साठविले. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हा सर्वांना ठाऊक असलेला परवलीचा शब्दही तिने तिथल्या तिथे बदलला. डीएसएलचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला, त्यामागून इंटरनेटचा लागला. सारे काम पाऊण तासाचे. सर्व तपशील तिने रेशनकार्डाच्या पिशवीतल्या वहीत लिहून ठेवले.

या मताविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. माहितीची मर्यादा असलेल्या योजनेत मोडेम सदैव जोडलेला राहिला तर संगणक आपण न सांगताही काहीबाही उतरवून घेतो आणि बिल फुगते. यावर उपाय म्हणजे काम संपताच मोडेमचे बटण बंद करणे. वापर किती झाला हे अधूनमधून तपासणेही बरे. खांबावरच्या पेटीला कोणी हात लावावा असेही आम्ही म्हणत नाही. ती जबाबदारी कंपनीचीच. पण ‘मुलांनी अभ्यास करावा, तारा जोडत बसू नये’ हा दुसरा आक्षेप आम्हांला मुळीच मान्य नाही. ज्या घरात पासवर्ड एकट्या थोरल्या मुलाच्या खिशात असतो, त्या घरातल्या मुलीला अर्ज भरण्यासाठीसुद्धा परवानगी मागावी लागते. आम्ही ते आमच्याच घरी पाहिले.

शाळेच्या संगणक कक्षात आज जोडणी आहे, पण मोडेम कुलूपबंद कपाटात आहे. त्याची काळजी समजते. म्हणून आमची सूचना एवढीच, की शेजारच्या टेबलावर एक जुना मोडेम, एक स्प्लिटर व एक फोन मुलांना खोलण्या-जोडण्यासाठी मोकळे ठेवावेत, आणि आठवीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती जुळणी एकदा तरी स्वतः करावी. तारेवाचूनही मोडेमच्या आतली पाने उघडतात. सरावाला तेवढे पुरे. आमचा जुना मोडेम आम्ही समारंभाच्या दिवशी घेऊन येत आहोत. त्याच्या अडॅप्टरची पिन थोडी सैल आहे, ती दाबून धरावी लागते.