वर्गातील वार्ता आणि घरातील गणित

नाशिकमधील पुष्कळशा घरांत दिवेलागणीच्या सुमारास आईच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर वर्गशिक्षिकेचा संदेश येतो, आणि चौथी-पाचवीतील मुलाचा सबंध दिवस शाळेत कसा गेला यासंबंधी घराला जे काही कळावयाचे ते त्या चार ओळींतूनच कळते. माझी नात यंदा पाचवीत आहे. तिच्या वर्गाचे गेल्या चार महिन्यांतील सारे संदेश, महसूल खात्यात उभी हयात दप्तर तपासण्यात गेलेला मनुष्य ज्या क्रमाने वाचील त्या क्रमाने, मी एकामागून एक वाचून काढले. आणि त्यांतील गणितासंबंधीचा मजकूर जवळजवळ दररोज तोच होता: अमुक पान, अमुक क्रमांकाची उदाहरणे, वहीत पूर्ण करून आणणे, पालकांची स्वाक्षरी आवश्यक. त्या दिवशी वर्गात कोणता प्रश्न निघाला, मुले कुठे अडली, कोणी काय विचारले, याचा त्यांत मागमूस नव्हता. शाळेकडून घरी फर्मान येत होते. वार्ता येत नव्हती.

ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून एका सायंकाळची हकीकत सांगतो. नातीच्या वहीत दशांश अपूर्णांकांतील लहान-मोठेपणाची उदाहरणे होती, आणि ०.२५ व ०.५ यांच्यामध्ये तिने चिन्ह असे घातले होते की ०.२५ ही संख्या मोठी ठरावी. कारण विचारता तिने अत्यंत सरळपणे उत्तर दिले, "आजोबा, पंचवीस पाचापेक्षा मोठे असतात ना?" मी दशक, एकक, दशांश, शतांश अशा स्थानांच्या किमतींचे विवेचन आरंभिले, जे तिने शाळेत एकदा ऐकले होते आणि जे तिला दुसऱ्यांदाही उमगले नाही, इतक्यात स्वयंपाकघरातून तिच्या आजीने विचारले, "अगं, पाव किलो वांगी जास्त की अर्धा किलो?" मुलगी क्षणभर स्तब्ध राहिली, मग काही न बोलता तिने खोडरबर घेतले. वजनकाट्यावर अडीचशे ग्रॅम म्हणजे ०.२५० असे उमटते व त्यासच आपण पाव म्हणतो, ही गोष्ट ती रविवार कारंज्यावर आजीबरोबर भाजी घेताना शंभर वेळा पाहून चुकली होती; परंतु शाळेतील दशांश आणि बाजारातील पाव ही एकाच राशीची दोन नावे आहेत हे तिला तोवर कोणी सांगितले नव्हते. वर्गात दशांशाची तुलना चालू आहे ही वार्ता घराला चार दिवस आधी कळली असती, तर आजीचा तो प्रश्नही चार दिवस आधी विचारला गेला असता.

एका पिढीपूर्वीपर्यंत घर आणि शाळा यांचे अंकगणित एक होते. सायंकाळी परवचा म्हणताना बे एके बेपासून तिसापर्यंतचे पाढे आणि त्यामागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे मूल मोठ्याने म्हणत असे, आणि घरातील निरक्षर आजीलाही नातू कुठे अडखळला ते कानांनी कळत असे. त्या घोकंपट्टीत जुलूम होता, छडी होती, आणि अर्थबोधावाचून केवळ जिभेने पाठ केलेले पुष्कळ होते. ती पद्धती परत यावी असे मी म्हणत नाही. शिवाय तिचे प्रयोजनही गेले. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पुढच्याच वर्षापासून मण-शेरांची जागा किलोग्रॅम घेऊ लागले, आणि औटकीचा म्हणजे साडेतिनाचा पाढा ज्या व्यवहारासाठी जन्मला होता तो व्यवहारच लोपला. परंतु पाढ्यांबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद कोणी घेतली नाही: मुलाला आज काय शिकविले हे घराला आपोआप ऐकू येण्याची सोय गेली.

त्यात भाषेची भर पडली. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत आता सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित व विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून. इंग्रजी माध्यमाची गोष्ट तर वेगळीच. तेथील मूल ‘पॉइंट टू फाइव्ह’ म्हणते, ‘थ्री-फोर्थ’ म्हणते, आणि आईला वाटते की हे काही आपल्याला न येणारे नवे शास्त्र आहे. वास्तविक पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे एकेका अपूर्णांकाला एकेक स्वतंत्र, सुटसुटीत, रोजच्या बोलण्यातले नाव देणारी आपली भाषा या विषयात दरिद्री नव्हे, अत्यंत संपन्न आहे. ज्या घरात पाऊण तास, सव्वा लिटर आणि दीड वाटी हे शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारले जातात त्या घराने अपूर्णांकांना भ्यावे ही खेदाची गोष्ट होय. शाळेच्या संदेशात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, तर निम्मे भय त्याच क्षणी जाईल.

शाळेने घराला विश्वासात न घेतल्यास काय होते याचा मोठ्या प्रमाणावरचा दाखला २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्राने पाहिला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ अशीही संख्यावाचनाची रीत दिलेली होती, आणि त्यावरून वृत्तपत्रांत, सभांत, विधिमंडळात वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी कारण स्पष्ट सांगितले होते: मराठीत त्रेसष्ट उच्चारताना तीन आधी येतात व साठ मागून, लिहिताना सहाचा अंक आधी येतो व तिनाचा मागून, आणि सात वर्षांचे मूल या उलटापालटीत व जोडाक्षरांत गोंधळते. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते. नवी रीत त्यांच्या जोडीस ठेवली होती. मला स्वतःला जुन्या संख्यानामांचा लळा आहे, आणि ती टिकावीत असेच मी म्हणेन. तरीही तो युक्तिवाद विचारार्ह होता, आणि त्यास मिळालेला उपहास अन्यायाचा होता. माझ्या ओळखीच्या एकाही घराला त्या बदलाची खबर मुलाच्या वर्गातून मिळाली नव्हती. ती मिळाली दूरचित्रवाणीवरील भांडणातून, आणि भांडणातून कळलेल्या गोष्टीचा विचार माणसे भांडूनच करतात.

मग वर्गाच्या दैनिक वार्तेत गणितासंबंधी काय असावे? माझ्या मते तीन ओळी पुरेत. आज वर्गात विचारलेला एक प्रश्न. त्या प्रश्नाचे मुलांकडून आलेले एक चुकीचे उत्तर, मुलाचे नाव न सांगता. आणि घरी विचारण्याजोगी एक गोष्ट. यांतील मधली ओळ सर्वांत मोलाची आहे. ६१२ भागिले ६ याचे उत्तर पाचवीतील कितीतरी मुले १२ असे काढतात, कारण सहा एके सहा झाल्यावर एकाला सहाचा भाग जात नाही तेव्हा भागाकारात शून्य मांडावयाचे राहून जाते. पालकाच्या हाती केवळ ‘भागाकाराची उदाहरणे ५ ते १०’ एवढेच आले, तर तो उत्तर चूक पाहून रागावतो किंवा स्वतः सोडवून देतो. त्याच्या हाती ‘आज काहींचे उत्तर १२ आले’ ही वार्ता आली, तर तो एवढेच विचारील की सहा भावंडांत ६१२ रुपये वाटले आणि प्रत्येकाला १२ मिळाले, तर वाटले किती? बहात्तर. बाकीचे कुठे गेले? येथून पुढे मूल स्वतःच शून्याचा शोध घेते. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे तीसच मुलांना तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागता आले, त्या उरलेल्या सत्तरांतील किती मुले या एका शून्यापाशी थांबली असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिसऱ्या ओळीसाठी नाशिकमध्ये सामग्रीची वाण नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत किती क्युसेक विसर्ग चालू आहे हे वर्तमानपत्रात रोज येते, आणि नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की गळ्याला, यावर सारा गाव पुराचे मान ठरवितो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर एवढे सांगून ‘हजार क्युसेक सोडले तर मिनिटाला किती लिटर?’ असा प्रश्न शाळेने घरी धाडला, तर त्या रात्री जेवताना बाप-लेक गुणाकारच करतील.

शिक्षकांवरील बोजाचा आक्षेप खरा आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षकांना लावण्याची मनाई केली आहे. तरी शालेय पोषण आहाराच्या नोंदींपासून नाना प्रकारची माहिती भरून पाठविण्यात त्यांचे किती तास जातात ते प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो. तीन ओळींची ही वार्ता त्या ओझ्यावर आणखी एक तक्ता म्हणून चढविली जाऊ नये. ज्या दिवशी ती लिहावयाची त्या दिवशी स्वाक्षरी-तपासणीचे काम शिक्षिकेच्या माथ्यावरून उतरवावे. त्याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. समितीच्या सभेत गणवेश आणि पाण्याच्या टाकीवर जेवढा वेळ खर्च होतो त्याचा चौथा हिस्सा तरी ‘मुलांनी या महिन्यात गणितात काय विचारले’ यासाठी त्या पालकांनी मागून घ्यावा.

मोबाइल नसलेल्या घरांचे काय? सुरगाणा-पेठकडील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळीवर जाणारा बाप मूल झोपल्यावर घरी येतो. परंतु जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या बहुतेक शाळांच्या दर्शनी भिंतीवर एक फळा असतो, त्यावर सुविचार, दिनविशेष व पट-उपस्थिती रोज खडूने लिहिली जाते. त्याच फळ्यावर ‘आजचे गणित’ ही एक ओळ लिहावी. मुलाला न्यायला आलेली आजी ती वाचू शकत नसेल, तर मूल तिला वाचून दाखवील, आणि वाचून दाखविताना समजावूनही सांगील.

हा आग्रह मी नाशिकमध्ये बसून धरतो त्यास एक कारण आहे. येथून जवळच, देवळालीस, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवीत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात पद नाही, पुष्कळसे लेखन स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून. विद्वानांनी दीर्घकाळ त्यांची उपेक्षा केली, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या अमेरिकेतील सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९४९ मध्ये त्यांनी जाहीर केलेली गोष्ट चौथीच्या मुलाला करून पाहता येते: चार अंक घ्यावे, चारही सारखे नसावेत, उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, जे उरेल त्याचे पुन्हा तेच करावे, सात वेळांच्या आत ६१७४ येतेच. अशा शोधांना त्यांनी दिलेली नावेही आपल्या घरची होती: आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येस त्यांनी हर्षद म्हटले, आणि एका वर्गातील संख्यांना तर देवळालीचेच नाव दिले. अशा मनुष्याच्या गावातील मुलांच्या पालकांना शाळेकडून गणिताची वार्ता म्हणून केवळ पृष्ठक्रमांक मिळावेत, हे मला सहन होत नाही.

मागच्या आठवड्यात नातीच्या शिक्षिकेने, मी विनंती केल्यावरून, एके दिवशी पानाऐवजी ही कापरेकरांची रीत संदेशात लिहिली. दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडवर सिग्नलला थांबलो असता पुढच्या गाडीच्या एमएच १५ पाटीवरील २७४८ हा आकडा नातीने हातावर पेनने उतरवून घेतला. ८७४२ वजा २४७८, उरले ६२६४. ६६४२ वजा २४६६, उरले ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ हे करताना तिने हातच्याची चूक केली, थांबली, स्वतःच दुरुस्त केली, आणि ओरडली. घरी येईपर्यंत तिने आणखी दोन गाड्यांचे आकडे सोडविले होते. जिना चढताना तिने विचारले, "आजोबा, तीनच अंक घेतले तर?" मला उत्तर ठाऊक होते. मी तिला वही आणायला सांगितले.